वारशाने आलेली, हाताने घडवलेली शिकारी रायफल : ओळख कशी पटवावी आणि मोल कसे ठरवावे

वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या कपाटात एक शिकारी रायफल मिळाली, असे आपण लिहिले आहे. नळीवर बनवणाऱ्याचे नाव नाही, काडतुसाचे माप सांगणारा ‘७×५७’ एवढाच आकडा आहे. रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागे बोल्ट बसतो त्या पोलादी भागाच्या, पुढच्या कड्यावरचे एखादे चिन्ह घासून काढल्यासारखे दिसते, दस्ता गडद शिरांच्या अक्रोडाचा असून त्यावरची चेकरिंग (पकड बसावी म्हणून कोरलेली चौकटींची जाळी) फार बारीक आहे, आणि दस्त्याच्या टोकाला तांबूस रबरी पॅड बसवलेले आहे. ही रायफल कोणी बनवली आणि तिची किंमत काय, असे आपले दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर हाती आल्याशिवाय दुसऱ्याचे देता येत नाही. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी ओळख पटवण्यावरच खर्च करणार आहे.

त्याआधी दोन गोष्टी करून घ्याव्यात. रायफल रिकामी आहे याची खात्री करा. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) पूर्ण मागे ओढून चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) आणि मॅगझिन उजेडात डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही तपासा, कारण वर्षानुवर्षे बंद कपाटात राहिलेल्या बंदुकीत काडतूस राहून गेल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. दुसरे म्हणजे, वारशाने आलेले शस्त्र ताब्यात ठेवण्याबाबत आपल्या भागातील कायदा काय सांगतो, किती दिवसांत कोणाला कळवावे लागते, हे परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लगेच जाणून घ्या. परवाना नसेल, तर तपासणीपूर्वीच ती अधिकृत विक्रेत्याकडे अमानत म्हणून ठेवणे बहुतेक ठिकाणी श्रेयस्कर ठरते.

यानंतरची सूचना अनेकांना चमत्कारिक वाटते, पण ती मी फार कळकळीने करत आहे. रायफल साफ करू नका. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपण्यापलीकडे काहीही करू नका. पोलादी काथ्याने गंज घासणे, दस्त्यावर वॉर्निश चढवणे, नळी पुन्हा काळी करून घेणे, पितळेला पॉलिश करणे या सर्व गोष्टी मूळ कारागिराच्या हाताची खूण पुसून टाकतात आणि ती खूण पुन्हा आणता येत नाही. एका कुटुंबाने मुलाला भेट द्यायची म्हणून आजोबांच्या रायफलीचा दस्ता सुताराकडून पॉलिश पेपरने घासून चकचकीत करून घेतला होता. चेकरिंगची टोके बोथट झाली, लाकूड धातूच्या पातळीखाली गेले आणि चांगल्या संग्राहकाने जिच्यासाठी आनंदाने पैसे मोजले असते, ती रायफल केवळ वापरण्याजोगी वस्तू होऊन बसली. हे काम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणून त्याचे अधिक वाईट वाटले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कारखान्यात तयार झालेली रायफल एका घराण्याची असते. ग्राहकाच्या मागणीवरून घडवलेली रायफल बहुधा अनेक हातांची असते. ॲक्शन (रिसीव्हर आणि बोल्ट मिळून होणारी यंत्रणा) एका कारखान्याची, नळी दुसऱ्याची, नळी बसवून बोल्टचा दांडा वळवणारा तिसरा, दस्ता कोरणारा चौथा आणि पोलादावर नक्षी करणारा पाचवा. त्यामुळे ‘कोणी बनवली’ हा एक प्रश्न नसून पाच प्रश्न आहेत आणि त्या प्रत्येकाचे उत्तर रायफलीच्या वेगळ्या जागी लिहिलेले असते. रिसीव्हरवर ‘माउझर’ असे दिसले म्हणजे ती माउझर कंपनीची रायफल झाली, असा समज वारसांमध्ये वारंवार आढळतो. ते नाव फक्त पहिल्या हाताचे असते.

आपल्या वर्णनावरून ॲक्शन माउझर ९८ प्रकारची असावी. जर्मन सैन्याने ती १८९८ मध्ये स्वीकारली, आणि पुढे शिकारी रायफली घडवणाऱ्यांनी जगभर हाच पाया सर्वाधिक वापरला. खात्री करणे सोपे आहे. बोल्टच्या पुढच्या टोकाला समोरासमोर दोन मोठे लग (बोल्ट जागी अडकवणारे उंचवटे) आणि मागे तिसरा सुरक्षा लग असतो. बोल्टच्या उजव्या अंगाने लांब पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारी पट्टी) धावतो आणि तो काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच पकडतो. रिसीव्हरच्या डाव्या भिंतीत अंगठ्यासाठी कापलेली खाच असेल, तर ॲक्शन सैनिकी असण्याची शक्यता बळावते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनेक नागरी ॲक्शनांमध्ये, उदाहरणार्थ बेल्जियममधील हर्स्टाल येथील एफएन कंपनीच्या, ही खाच दिसत नाही. आपल्या रायफलीवर चिन्ह घासलेले असल्याने ती मुळात कोणत्या तरी देशाच्या सैन्याची असावी. दोन्ही महायुद्धांनंतर अशा ॲक्शन मुबलक मिळत असत आणि उत्तम कारागीरसुद्धा त्या आवडीने वापरत, त्यामुळे यात कमीपणा काहीच नाही.

मात्र सगळ्या सैनिकी ॲक्शन सारख्या तोलाच्या नाहीत. अर्जेंटिनाची १९०९ ची ॲक्शन कारागिरांना प्रिय आहे, कारण तिची फिनिश उत्तम असते आणि मॅगझिनची तळपट्टी बिजागरीवर उघडते. जी ३३/४० ही जर्मन सैन्यासाठी झेक कारखान्यात बनलेली लहान कड्याची आणि हलकी ॲक्शन त्याहूनही दुर्मीळ मानली जाते. झेक व्हीझेड २४ दणकट आणि विश्वासार्ह असते. पुढच्या कड्याचा बाहेरचा व्यास मोजला की पहिली विभागणी लगेच होते. मोठे कडे सुमारे १.४१० इंचाचे असते आणि लहान कडे सुमारे १.३०० इंचाचे. बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हेही पाहावे. न जुळल्यास रायफल निकामी ठरत नाही, पण कोणीतरी दुसरा बोल्ट बसवलेला आहे हे कळते आणि हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकते ती जागा यांतले अंतर) तपासणे अनिवार्य होते.

ज्यांच्या घरी माउझर नसून अमेरिकन पायाची रायफल निघते, त्यांच्यासाठी दोन आकडे येथेच नोंदवतो, कारण त्यांतील पहिला जिवाशी निगडित आहे. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीवर अनेक सुंदर शिकारी रायफली घडल्या. परंतु स्प्रिंगफील्ड आर्मरी या कारखान्याचे ८,००,००० च्या खालच्या क्रमांकाचे आणि रॉक आयलंड या कारखान्याचे २,८५,५०७ च्या खालच्या क्रमांकाचे रिसीव्हर जुन्या उष्णता-प्रक्रियेमुळे ठिसूळ असू शकतात. अशी रायफल कितीही देखणी असली, तरी तिच्यातून गोळी झाडू नये आणि मूल्यमापनात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली असावी. दुसरा आकडा विंचेस्टर मॉडेल ७० चा. १९६४ मध्ये तिची रचना बदलली आणि नव्या रचनेचे क्रमांक ७,००,००० पासून सुरू झाले. त्याआधीच्या ॲक्शनवर घडवलेल्या रायफलींना बाजारात वेगळा मान आहे.

नळीवरचा ‘७×५७’ हा आकडा मी सत्य म्हणून नव्हे, एक दावा म्हणून घेईन. हे काडतूस माउझरचेच आहे आणि इंग्लिश बंदूककारांनी त्याला .२७५ रिग्बी असे नाव दिले, त्यामुळे या दोन खुणांत गोंधळण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या मालकाने चेंबर पुढे कापून घेतलेले असू शकते. विसाव्या शतकाच्या मध्यात तर जुन्या काडतुसाच्या भिंती सरळ करून अधिक दारू मावेल असे ‘सुधारित’ चेंबर कापण्याची हौस फार होती, आणि नळीवरचा जुना आकडा मात्र तसाच ठेवला जाई. याहून धोकादायक उदाहरण ८×५७ चे आहे. जुन्या नळ्यांना सुमारे ८.०९ मिलिमीटर व्यासाची गोळी लागते आणि १९०५ च्या सुमारास आलेल्या ‘एस’ प्रकाराला ८.२२ मिलिमीटरची. दोन्ही काडतुसे दिसायला जवळजवळ सारखीच असतात, पण मोठी गोळी लहान नळीत गेली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणून कोणत्याही घडवलेल्या रायफलीच्या चेंबरचा साचा घेतल्याशिवाय मी तिचे कॅलिबर, म्हणजे काडतुसाचे माप, कागदावर लिहीत नाही.

हा साचा सेरोसेफ नावाच्या बिस्मथच्या मिश्रधातूने घेतात. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो, त्यामुळे नळीला इजा होत नाही. चेंबर स्वच्छ करून त्याच्या किंचित पुढे कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, मिश्रधातू ओतायचा आणि गार होऊ द्यायचा. हा धातू पहिल्या अर्ध्या तासात किंचित आकसतो, मग पुन्हा प्रसरण पावू लागतो आणि ओतल्यापासून साधारण एका तासाने चेंबरच्या नेमक्या मापावर येतो. मापे त्याच वेळी घ्यायची असतात. दुसऱ्या दिवशी मोजणाऱ्याला थोडे मोठे माप मिळते आणि तो निष्कारण शंकेत पडतो. हे काम बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावे. त्याच भेटीत त्याच्याकडून हेडस्पेस गेजने तपासणी आणि बोअरस्कोपने नळीची आतली पाहणी करून घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाची जागा, म्हणजे लाकडाखाली झाकलेला भाग. रायफलीची खरी ओळख दिसत नाही तिथे असते. दस्ता आणि धातू वेगळे केल्यावर नळीच्या खालच्या बाजूला प्रूफ शिक्के (नळी दाबाच्या चाचणीत टिकल्याचे ठसे), नळी करणाऱ्याचे नाव किंवा आद्याक्षरे, कधी कामाचा क्रमांक सापडतो. दस्त्याच्या पोकळीत, बटप्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीच्या) खाली आणि पकडीच्या टोपीखाली दस्ता कोरणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेले नाव, ग्राहकाचे आडनाव, वर्ष, कधी नुसती एक संख्या मिळते. पेन्सिलीच्या अशा एका ओळीने साधी समजली गेलेली रायफल एका नामवंत दस्ताकाराची ठरल्याचे मी पाहिले आहे. परंतु स्क्रू काढण्याचे धाडस घरी करू नका. या रायफलींच्या स्क्रूंचे खाचे अरुंद असतात, त्यांत नेमका बसेल असा घासलेला पेचकस लागतो, आणि एकदा खाचा उसवला की पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला तो पहिल्या नजरेत दिसतो.

प्रूफ शिक्के वाचता आले तर नळी कुठे आणि कधी तपासली गेली हे समजते. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम अशी दोन प्रूफ हाउस आहेत. बर्मिंगहॅमचे १८१३ पासूनचे, लंडनचे त्याहून जुने. लंडनच्या शिक्क्यात मुकुटाखाली ‘जीपी’ अशी गुंफलेली अक्षरे दिसतात. लिएजच्या बेल्जियन शिक्क्यात मुकुटाखालच्या अंडाकृतीत ‘ईएलजी’ असते. जर्मन नळ्यांवर अनेकदा महिना आणि वर्ष आकड्यांत ठोकलेले मिळते, जसे ‘४.२७’ म्हणजे १९२७ चा एप्रिल. अमेरिकेत सरकारी सक्तीची प्रूफ व्यवस्था नाही, म्हणून नळीखाली एकही शिक्का मिळाला नाही, तर ती अशाच ठिकाणी बसवली गेली असावी, असे अनुमान करता येते. नळीच्या वरच्या बाजूला लंडनच्या प्रसिद्ध घराण्याचा पत्ता आणि खाली मात्र ब्रिटिश प्रूफ नाही, असे दिसल्यास मी तो पत्ता नंतर कोरलेला मानून चौकशीला लागतो.

नाव कुठेच नसेल, तर शैली बोलते. पण शैलीचा पुरावा दुय्यम असतो, हे लक्षात ठेवून तो वाचावा. इंग्लिश रायफल सडपातळ असते, नळीवर एक्स्प्रेस साइटची (वेगवेगळ्या अंतरांवर नेम धरण्यासाठी उभी करायची) पाने असतात आणि पट्ट्याची कडी दस्त्याऐवजी नळीवर असते. जर्मन-ऑस्ट्रियन घडणीत दुहेरी चाप (ट्रिगर), चपटा बोल्ट-दांडा आणि पुढच्या टोकाला चोचीसारखी वळलेली अखेर आढळते. अमेरिकन अभिजात घडणीत सरळ माथ्याचा दस्ता, पुढे आबनुसाचे टोक आणि पोलादी चेकर केलेली बटप्लेट असते. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या ग्रिफिन अँड हाउने ही वाट रुळवली. या संस्थेने आपल्या रायफलींना क्रमांक दिले, त्यामुळे नळीवर तसा क्रमांक असेल तर नोंदीतून विचारणा करता येते. पुढच्या काळातील उंच गालटेकू, पांढऱ्या पट्ट्या आणि काचेसारखी चमक असलेल्या रायफली बनवायला कमी कौशल्य लागत असे, असे नव्हे, पण आजच्या खरेदीदाराला त्या जुन्या फॅशनच्या वाटतात आणि किमतीत ते उतरते.

आपल्या रायफलीच्या तांबूस पॅडबद्दल थोडे थांबून सांगतो. असे पॅड दिसले की ‘नंतर बसवलेले’ असा शेरा मारण्याची सवय अनेकांना आहे. परंतु जुन्या इंग्लिश बंदुकांवर तांबूस रबरी पॅड मूळचेच असत. पॅड आणि लाकूड यांची रेघ एकसंध आहे का, पॅड काढल्यावर आधीच्या बटप्लेटच्या स्क्रूंची बुजवलेली छिद्रे दिसतात का, आणि चापापासून टोकापर्यंतचे अंतर साधारण साडेतेरा इंचांच्या जवळ आहे का, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात. लाकूड कापून आखूड केले असेल, तर मूळ बटप्लेट आणि तिच्याखालची संभाव्य नोंद दोन्ही गेलेली असतात.

कारागिरी पारखताना मी सर्वांत आधी मनगटाचा भाग, म्हणजे चापामागे हात धरतो ती अरुंद जागा, पाहतो. धक्का तिथून जातो. लाकडाच्या शिरा तिथे मनगटाच्या दिशेने सरळ वाहत असतील, तर दस्ताकाराने फळी निवडताना सौंदर्याआधी बळाचा विचार केला होता. शिरांचे नक्षीदार वळण दस्त्याच्या मागच्या भागात शोभते, मनगटात ते तडा जाण्याचे आमंत्रण असते. मग टँगच्या (रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या) मागे आणि रिकॉइल लगच्या (धक्का लाकडावर टेकवणाऱ्या पोलादी उंचवट्याच्या) जागी बारीक भेगा शोधाव्यात. टँगच्या अगदी मागे केसाएवढी फट दिसली, तर तो दोष समजू नये. लाकूड धक्क्याने फाटू नये म्हणून जाणकार कारागीर ती मुद्दाम सोडतात. इतरत्र मात्र धातू लाकडातून उगवल्यासारखा बसलेला हवा. पोकळीत राळेचा थर दिसला, तर पुढे केव्हा तरी दुरुस्ती झाली असेल किंवा अचूकतेसाठी बेडिंग (धातू पक्का टेकावा म्हणून राळेची बैठक) केले असेल. ते कशासाठी केले हे शोधावे.

चेकरिंग भिंगाखाली पाहावी. एका इंचात २२ ते २६ रेषा, प्रत्येक चौकट टोकदार आणि लांबीला सारखी, आणि सीमेबाहेर एकही रेष निसटलेली नाही, असे काम वर्षानुवर्षे हात बसल्याशिवाय होत नाही. भोवती किनार कोरलेली नसेल, तर अधिक लक्ष द्यावे, कारण निसटलेल्या रेषा लपवायला तिथे जागाच नसते. धातूच्या बाबतीत कडा तीक्ष्ण आहेत का, अक्षरे खोल आहेत का आणि छिद्रांच्या कडा बशीसारख्या खचलेल्या नाहीत ना, हे पाहिले की नंतर पॉलिश करून पुन्हा रंगवलेली रायफल लगेच ओळखू येते. दुर्बिणीसाठी पाडलेली छिद्रे मूळ आराखड्यातील असतील, तर ती सरळ रेषेत असतात आणि बोल्टचा दांडा व सेफ्टीही दुर्बिणीला जागा देतील अशा बदललेल्या असतात. माउझरची मूळ पंखासारखी सेफ्टी दुर्बिणीला अडते. सेफ्टी जुनीच आणि वर मात्र चार-सहा वाकडी छिद्रे असतील, तर ते काम बनवणाऱ्याचे नव्हे, आणि प्रत्येक जादा छिद्रागणिक किंमत खाली येते.

किमतीबद्दल आता बोलता येईल. अशा रायफलीचे तीन मोल असतात आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे घरात वाद होतात. विम्यासाठी तशीच रायफल आज नव्याने घडवून घेण्याचा खर्च धरतात, आणि तो सर्वांत मोठा आकडा असतो. वारसा-वाटणीसाठी जाणता विक्रेता आणि जाणता ग्राहक यांच्यात घाई नसताना ठरेल तो भाव धरावा. विक्रेता रोख देऊन विकत घेतो तो भाव याहून बराच कमी असतो, कारण त्याला ती ठेवावी आणि पुन्हा विकावी लागते. मूल्यमापनाच्या कागदावर यांपैकी कोणते मोल काढले आहे आणि कोणत्या तारखेला, हे लिहिलेले नसेल तर तो कागद फारसा उपयोगाचा नाही.

निनावी घडवलेली रायफल बहुधा तिच्या घडणीच्या खर्चापेक्षा कमी किमतीला जाते, हे सत्य वारसांना कटू वाटते. तिचा दस्ता एका माणसाच्या खांद्याला आणि मानेला बेतलेला असतो, त्याची आवड दुसऱ्याची असेलच असे नाही. म्हणून सिद्ध झालेल्या नावाचे महत्त्व एवढे मोठे असते. ‘अमुक कारागिराची वाटते’ आणि ‘अमुक कारागिराची आहे, हे त्याचे बिल’ या दोन वाक्यांमध्ये किमतीचा पट कितीतरी बदलतो. यासाठी वडिलांचे जुने पत्रव्यवहार, पावत्या, काडतुसे भरण्याच्या वह्या, निशाणाचे कागद, रायफलीसह काढलेली छायाचित्रे, मूळ पेटी आणि सुटलेले भाग असे सगळे एकत्र ठेवा. कपाट आवरताना हेच कागद रद्दीत जातात. तुलनेसाठी विक्रेत्यांनी मागितलेले भाव पाहू नका. लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहा आणि त्यात खरेदीदाराचे कमिशन धरलेले आहे का, तेही वाचा. मूल्यमापन अशा व्यक्तीकडून करून घ्या जिला ती रायफल विकत घ्यायची नाही आणि जिचे शुल्क किमतीच्या टक्केवारीवर ठरत नाही.

आपल्या वर्णनावरून माझे तात्पुरते मत असे आहे. ॲक्शन सैनिकी ९८, दस्ता जाणत्या हाताचा, कॅलिबर ७×५७ खरे ठरले तर बाजाराला अनुकूल, कारण या काडतुसाचा धक्का सौम्य असतो आणि ते आजही बनते. आत नाव सापडले नाही, तर ही उत्तम निनावी रायफल म्हणून चांगल्या दस्त्याच्या आणि निरोगी नळीच्या बळावर विकली जाईल. नाव सापडले, तर सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. कारागीर दस्ता वेगळा करील तेव्हा आपण तिथे हजर राहा आणि नळीची खालची बाजू, दस्त्याची पोकळी, रिसीव्हरचे पुढचे कडे आणि दोन्ही बाजूंची चेकरिंग यांची छायाचित्रे तिरप्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून काढा. घासलेल्या चिन्हाची उरलेली रेघही अशा उजेडात पुष्कळदा वाचता येते. आणि पॅड जुने, तडकलेले असले तरी त्याखालचे लाकूड पाहिल्याशिवाय ते कोणालाही बदलू देऊ नका.